घायपात कापणीला येईपर्यंत

त्या वर्षी कोरडा वारा नेहमीपेक्षा लवकर सुटला आणि दोर वळणाऱ्यांची पंचाईत झाली. घायपातीच्या पानांतला वाख, म्हणजे तंतू, थोडा ओलसर असला तरच पिळाला राजी होतो. कोरड्या हवेत तो भरड होतो, बोटं कापतो आणि ऐन वेळी तुटून दगा देतो. म्हणून पहाटेचं दव अंगावर घेत जेवढं वळून होईल तेवढं वळायचं आणि उन्हं चढली की हात चोळत बसायचं. नेमका तोच हंगाम गाडीवाल्यांचा. कापणी तोंडावर आली की प्रत्येकाला ओझी बांधायला दोर हवा असतो, आणि तो कालच हवा असतो.

थोरलीच्या घरामागे दोर वळायची लांबलचक पट्टी होती. अलीकडच्या टोकाला छपरात चाक, पलीकडच्या टोकाला बांध, आणि मधे पावलांनी घोटून गुळगुळीत झालेली जमीन. नवरा चाक फिरवायचा आणि थोरली चालायची. कमरेला वाखाची पेंडी गुंडाळायची, थोडे तंतू ओढून चाकाच्या आकड्याला अडकवायचे आणि चाक फिरू लागलं की पोटाजवळून वाख सोडत सोडत उलटं चालत जायचं. डोळे दोराकडे, पाठ बांधाकडे. या कामात दंडक एकच होता आणि तो सासूनं तिला नवी नवरी असताना पहिल्याच दिवशी सांगितला होता. चालणाऱ्यानं मधे थांबायचं नाही. थांबलं की पीळ एका जागी साचतो, दोर वेटोळी घालतो आणि तेवढा वाख मातीमोल होतो. अंगात ताप असो, नाहीतर पायात काटा असो, बांधाला पाठ टेकेपर्यंत चालायचं. थोरली अर्धी हयात तशी चालली होती.

तिला थोरली म्हणायचे कारण घरात एक धाकटीही होती. ती नवऱ्याला घेऊन केव्हाच शहरात गेली आणि सणवाराला सुद्धा फिरकेनाशी झाली, पण हिचं थोरलेपण काही सुटलं नाही. घरात आता माणसं तीनच. थोरली, तिचा नवरा आणि सासू. सासूला सगळे आत्याबाई म्हणत. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं शेजारीपाजारी आत्याबाईंबद्दल बोलायचे, आणि दोरवाल्यांच्या घरात ते शोभूनही दिसायचं.

मग थोरलीला 'ते' झालं. घरात त्याला 'ते'च म्हणायचे. हॉस्पिटलात डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे, पण आत्याबाईंच्या जिभेवर तो शब्द कधी आला नाही. कुणी विचारलं तर अशक्तपणा आहे, एवढंच उत्तर. थोरलीनं किरणांचा शेक घेतला, सलाइनी घेतल्या, वांत्या काढल्या, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, गेला. नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

पण तो पाहुणा गेला तरी मागचा पसारा आवरून गेला नव्हता. दुपार झाली की तिचा डावा पाय मांडीपासून सुजून मुसळासारखा व्हायचा. ते एक वेळ चाललं असतं. दुसरं जे होतं ते चारचौघांत सांगायची सोय नव्हती. शेकानं आतडं भाजलं होतं आणि कळ आली की तिला धरवत नसे. शौचालय घराच्या पुढच्या अंगाला आणि पट्टी मागच्या. अर्ध्या पट्टीवर कळ आली तर काय, या एका भीतीनं तिची झोप उडायची.

सरकारनं तिला अपंग भत्ता मंजूर केला होता, पण वर्षाच्या मुदतीनं. त्यातून त्यांनी चालायला माणूस ठेवला. लांब्या त्याचं नाव, म्हणजे आईबापांनी ठेवलेलं वेगळं असेल, पण त्याला पाहिल्यावर दुसरं नाव सुचायचं नाही. माणूस पन्नाशीचा, खायला दणदणीत, गाण्याचा शौक दांडगा आणि सुराशी वैर. मात्र पट्टीवर रेघ मारल्यासारखा चालायचा. थोरली सावलीत बसून वाख विंचरायची, पेंड्या बांधायची आणि कळ आली की उठून जायची. कुणाचं काही अडत नव्हतं.

आजारातून उठल्यावर तिनं आणखी एक उद्योग केला होता. बांधावरची जुनी घायपात म्हातारी झाली होती. तिच्या बुडाशी आलेली पिल्लं उपटून तिनं बसल्या बसल्या, सरकत सरकत, बांधाच्या कडेनं नवी रांग लावली. घायपात म्हणजे काही पालेभाजी नव्हे. आज लावली तर पानं कापायला यायला चार वर्षं तरी जातात. आत्याबाई बांधापाशी उभ्या राहून बघत होत्या.

"लावतेस खरी," त्या म्हणाल्या, "पण कापायला कोण असणार आहे?"

म्हातारीच्या मनात वाईट नसेलही. पण तोंडातून सुटलेला शब्द आणि हातातून सुटलेला दोर, दोन्ही मागे घेता येत नाहीत. थोरलीच्या काळजात तो काट्यासारखा रुतून बसला. ओंजळीत राहिलेलं शेवटचं पिल्लूही तिनं लावून टाकलं आणि हात झटकले.

वर्ष सरत आलं तसा निरोप आला. तपासणीबाई घरी येणार, थोरलीला बघणार, मग भत्ता चालू ठेवायचा की नाही ते ठरणार. दवाखान्यातली नर्सबाई मुद्दाम सांगायला आली. ती बोलायला फटकळ, पण थोरलीच्या शेकाच्या दिवसांत हिनंच तिला हात धरून बसमध्ये चढवलं होतं. जसं आहे तसं दिसू दे, तिनं बजावलं. तुम्हा लोकांना झाकायची खोड आहे म्हणून सांगते, असंही म्हणाली.

थोरलीनं मान डोलावली. पण या घराची शिकवण पिढ्यान्‌पिढ्यांची. बघायला कुणी आलं की उत्तम असेल तेच पुढे करायचं. दोराचं कच्चं टोक गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत, ते आधीच छाटून टाकतात. आत्याबाईंनी आदल्या दिवशी घर लख्ख झाडलं. लांब्याला सांगितलं, उद्या येऊ नकोस. परका माणूस आपल्या पट्टीवर चालतो हे सरकारी बाईला कशाला दिसायला हवं, म्हणाल्या. घर भाड्याच्या पायांवर उभं आहे म्हणेल ती. लांब्याला सुट्टीचं वाईट वाटलं नाही, एका जेवणाचं वाटलं. थोरलीनं आदल्या दुपारपासून पोटात अन्नाचा कण घेतला नाही, कारण पोट रिकामं असलं की कळ येत नाही हे ती शिकली होती. पहाटे आत्याबाईंनी जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या आणि तिचा पाय घोट्यापासून मांडीपर्यंत आवळून बांधला. वरून ठेवणीतले कपडे. थोरलीनं आरशात बघितलं तेव्हा तिची तिलाच ती बरी दिसली.

तपासणीबाई स्वभावानं चांगली निघाली, आणि तिथंच घात झाला. खेकसणारी असती तर थोरली तिच्यापुढे कण्हली-कुंथली तरी असती. ही हसतमुख. पाणी मागून प्यायली, छपरात येऊन बसली आणि म्हणाली, दोर कसा वळतात ते मी कधी पाहिलंच नाही. झालं. आत्याबाईंनी पेंडी आणून थोरलीच्या हातात दिली. नवऱ्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं आणि चाकाला हात घातला. दोघींच्या मधे बोलायची त्याला कधीच सवय नव्हती.

थोरली चालली. पायातल्या पट्ट्या करकचत होत्या, पण बोटं जुनी, वाख ओळखीचा, आणि तिच्यासमोर दोर सरळ एका अंगाचा निघत होता. खरं सांगायचं तर तिला आनंद होत होता. बांधाला पाठ टेकली तेव्हा लांबून तपासणीबाईनं टाळी वाजवली. जाताना तिनं विचारलं, आता कसं वाटतं तुम्हाला? थोरलीनं पदरानं घाम टिपला आणि म्हणाली, बरी आहे.

पाहुणी दिसेनाशी होईपर्यंत ती उभी होती. मग खाली बसली ती नवऱ्यानं उचलूनच आत नेली. पट्ट्या सोडल्या तेव्हा पायावर निळे वळ उमटले होते. तो दिवस आणि दुसरा दिवस ती अंथरुणातून उठली नाही. आत्याबाई मात्र समाधानात होत्या. घराची अब्रू राहिली, असं त्या दोनदा म्हणाल्या.

निकाल घेऊन नर्सबाईच आली. भत्ता बंद. काम करायला समर्थ आहे, असा शेरा. ती ओट्यावर बसली, घोटभर पाणी प्यायली आणि मग तिनं सगळी हकीकत काढून घेतली. लांब्याला सुट्टी, उपास, पट्ट्या, टाळी. ऐकून झाल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ती म्हणाली.

फेरसुनावणी मागता येईल, ती मागू, पण तोवर दिवस जातील, हे तिनं सांगितलं. त्या आठवड्यात लांब्याचा हिशेब मिटवला. जाताना त्यानं उगीच चाकाला तेल घातलं आणि एकही गाणं न म्हणता गेला.

आता थोरलीला चालणं भाग होतं. नवऱ्यानं एकट्यानं दोन्ही करून बघितलं, एका हातानं सुटा आकडा फिरवत आणि दुसऱ्या हातानं वाख सोडत, पण तो दोर बघून शेळीनंसुद्धा बांधून घेतलं नसतं. आत्याबाईंचे गुडघे केव्हाच गेले होते. मग थोरलीनं पेंडी बांधली. पहाटे उपाशी चालायची, दुपारी पाय उशीवर टाकून पडायची, आणि घास खायची तो दिवस मावळल्यावर, चोरासारखा. महिनाभरात तिच्या गालाची हाडं वर आली. नवरा चाक हळू फिरवायचा, म्हणजे तिला हळू चालता यावं. पण हळू फिरवलेल्या चाकाचा दोर सैल पडतो आणि सैल दोर परत येतो. दोन दोर परत आले, तेव्हा तिनंच त्याला म्हटलं, फिरवा नेहमीसारखं.

एका सकाळी गाडीवाला दोर न्यायला स्वतः आला. जुनं गिऱ्हाईक. छपरात उभा राहून तो नवऱ्याशी हवापाण्याचं बोलत होता आणि थोरली चालत होती. आदल्या रात्री शेजारणीनं आग्रह करून जास्तच खायला घातलं होतं. अर्ध्या पट्टीवर तिला कळ आली.

ती चालत राहिली. दंडक तो दंडक. कपाळावर घाम फुटला, आणि पुढे काय होणार हे तिला दिसत असूनही पाय मागे मागेच पडत राहिले. मग कळ अशी आली की ती जागच्या जागी थिजली. दोरात पीळ साचला, त्यानं एक वेटोळं घातलं, मग दुसरं. चाकावरून नवऱ्याची हाक आली, "अगं, चाल, चाल." तिनं दोर टाकला आणि धावली. सुजलेल्या पायानं जेवढं धावता येतं तेवढी. ती पोचली नाही.

गाडीवाल्यानं तोंड फिरवलं. तेवढी माणुसकी त्याच्यात होती. पण जाताना नवऱ्याला हळूच म्हणाला, आजारी माणसाच्या हातचा दोर चढावर तुटला तर माझी गाडी जाईल, राग मानू नका, या खेपेला मी दुसरीकडे बघतो. छपराच्या कुडाला कान असतातच. थोरलीनं ते ऐकलं.

ती घराच्या बाजूला दगडावर कपडे धूत बसली होती. डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, ते केव्हाच आटलं होतं. पुन्हा पुन्हा तोच कपडा घासत होती. आत्याबाई भिंतीला धरून धरून आल्या. थोड्या वेळानं खाली बसल्या, गुडघे कुरकुरत, आणि त्यांनी तिच्या हातातून कपडा काढून घेतला.

"राहू द्या, आत्याबाई. घाण आहे."

"तुझ्या नवऱ्याची काढली, त्याच्या भावाची काढली. तुझी काय जड आहे?" म्हातारीनं कपडा पिळला. मग विचारलं, "हे रोजचं आहे?"

"पोटात काही गेलं की."

"म्हणून जेवत नाहीस."

आत्याबाईंची नजर तिच्या पायावर गेली. बांधलेला नव्हता, झाकलेला नव्हता, उन्हात तसाच पसरलेला होता. पट्ट्या बांधायच्या पहाटेच्या अंधारात त्यांनी तो हातानं चाचपला होता, पण डोळ्यांनी असा पहिल्यांदाच बघत होत्या.

"हे कॅन्सरचं?" त्यांनी विचारलं. शब्द तोंडात अडखळत आला, पण आला.

"कॅन्सर गेला. हे शेकाचं."

"कधी जाईल?"

"कुणाला माहीत नाही, आत्याबाई. डॉक्टरांनापण नाही."

म्हातारीनं बादलीतलं पाणी ओतून दिलं आणि दुसरं आणायला मुलाला हाक मारली. त्या दिवशी दुपारी तिनं थोरलीच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

सुनावणीचा दिवस उजाडला तेव्हा आत्याबाईंनी तिला पोटभर खायला लावलं. पाय बांधू दिला नाही. कपडे काढून दिले ते रोजचे. नर्सबाई बरोबर होती, नवरा होता, आणि आत्याबाई कुणी बोलावलं नसताना बसमध्ये चढून बसल्या होत्या. कळ यायची ती बसमध्येच आली, एकदा. नर्सबाईनं बस थांबवली, चालकाची कुरकुर परस्पर मोडून काढली, आणि थोरली परत येऊन बसेपर्यंत दारात पाय रोवून उभी राहिली.

खोलीत लांब टेबलामागे तिघं होते. मधे अध्यक्ष, भरदार आवाजाचे, चष्मा कपाळावर चढवलेला. एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला तीच तपासणीबाई. अध्यक्षांनी विचारलं, कशा आहात? आणि थोरलीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, बरी आहे.

मागून आत्याबाईंचा खाकरा आला.

"नाही," ती म्हणाली. "तशी बरी नाही."

मग तिनं सांगितलं. अडखळत, जमिनीकडे बघत, पण सगळं. तपासणीबाई अवघडून म्हणाली, मी डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं होतं. थोरलीनं लगेच मान हलवली. बाईंनी खरंच लिहिलं, म्हणाली, खोटं आम्ही दाखवलं. आत्याबाई मागून म्हणाल्या, मी दाखवलं, पाय मी बांधला. अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हातारीला बसायला खुर्ची द्यायला सांगितलं.

त्यांचा प्रश्न सरळ होता आणि त्यात वाकडेपणा नव्हता. कॅन्सर गेला आहे ना, मग भत्ता किती काळ द्यायचा? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कॅन्सर गेला, पण उपचारानं आतून जे भाजलं ते वरून दिसत नाही. काही बायकांचं हळूहळू निवळतं. काहींचं वर्षांनी उलट वाढतं. दर वर्षी बघायला गेलं तर चांगला दिवस सापडला की भत्ता बंद आणि वाईट सापडला की चालू, ही तपासणी नव्हे, सोडत झाली.

अध्यक्ष विचारात पडले. मग म्हणाले, असं असेल तर कायमचाच लिहून टाकू, दर वर्षीची कटकट नको. नवऱ्याचा चेहरा उजळला. तो अर्धवट उठून हात जोडायला लागला.

"कायमचा नको," थोरली म्हणाली.

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. नवरा तसाच अर्धवट उभा. नर्सबाईनं तिच्या कोपराला चिमटा काढला, पण थोरलीला आता थांबायचं नव्हतं.

"कायमचा म्हटला की घरात कुणी माझ्या हातात पेंडी देणार नाही. मी आजारी ती आजारीच. आणि वर्षाचा म्हटला की मला पेंडी हातात घ्यायची भीती. आज जरा चालले, कुणी बघितलं, की भत्ता गेला. साहेब, गेलं वर्ष मी बरं व्हायला भ्याले. बरं व्हायला कुणी भितं का? मला अशी मुदत द्या की मी काम करून बघीन. जमलं तर जमलं. नाही जमलं तर बसेन. आणि दोन्ही वेळा मला कुणी खोटी म्हणायचं नाही."

अध्यक्षांनी लेखणी खाली ठेवली. "मग किती काळ म्हणता तुम्ही?"

थोरलीला आकडा सुचेना. तिच्या डोळ्यांपुढे बांध आला.

"मी आजारातून उठल्यावर बांधावर घायपात लावली आहे," ती म्हणाली. "ती कापणीला येईपर्यंत द्या. कापायला मी असणार आहे."

आत्याबाईंनी मान खाली घातली. अध्यक्षांनी नवऱ्याकडे बघितलं, आणि नवरा, ज्यानं सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला, अजून तीन वर्षं, साहेब, पाऊसपाणी बरं झालं तर. डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी पाच सुचवली. एवढ्या काळात शरीर काय ते ठरवतं, आणि घायपातीला उशीर झाला तर तेवढं गृहीत धरायला हवं, म्हणाल्या. तिघांनी थोडा वेळ आपसात कुजबुज केली. पाच वर्षं ठरली. मधे तपासणी नाही, आणि झेपेल तेवढं काम केलं म्हणून भत्ता तुटणार नाही, हेही अध्यक्षांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. तपासणीबाईनं बाहेर येऊन थोरलीचा हात धरला.

लांब्या परत आला तो गातच आला. नवऱ्यानं मात्र दुसऱ्याच कामाला हात घातला. पट्टीच्या मध्यावर, काठापासून चार हात बाजूला, त्यानं खड्डा खणला, विटा आणल्या, पत्रा आणला. काय चाललंय म्हणून विचारलं तर सांगेना. चार भिंती उभ्या राहिल्या, दार लागलं, आतून कडी लागली, तेव्हा थोरलीला कळलं. तिनं आत पाऊल टाकलं, कडी लावून बघितली, काढून बघितली. बाहेर नवरा फावडं धरून उभा होता.

"वास येईल पट्टीला," ती म्हणाली.

"दोराला नाक नसतं," तो म्हणाला. वर्षभरात त्यानं केलेला हा पहिला विनोद, त्यामुळे ती जरा जास्तच हसली.

मग एका पहाटे, दव चांगलं पडलेलं असताना, तिनं लांब्याला म्हटलं, तू जरा बस. पेंडी तिनं स्वतःच उचलली, स्वतःच कमरेला गुंडाळली. पोटात सकाळची न्याहारी होती. नवऱ्यानं चाक फिरवलं, नेहमीसारखं. वाख बोटांतून सुटू लागला, दोर तिच्यासमोर लांब होत गेला, आणि लांब्यानं बसल्या जागी सूर धरला, तो तिनं चालवून घेतला.

अर्ध्यात कळ आली. जुनी ओळखीची. तिचे पाय सवयीनं मागे पडणार होते, पण तिनं तोंड उघडलं.

"मला जायचंय," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं.

नवऱ्याचा हात चाकावर कचरला. आता दोर जाणार, एवढंच तिच्या मनात आलं. तेवढ्यात तिच्या पाठीमागून पावलं वाजली. आत्याबाई. पट्टीच्या कडेला दगडावर त्या पहाटेपासून बसल्या होत्या, आणि त्यांच्या कमरेलाही पेंडी गुंडाळलेली होती. ती कशाला, हे कुणी विचारलं नव्हतं.

"चाक थांबवू नकोस रे," म्हातारीनं मुलाला बजावलं, आणि थोरलीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. आपल्या पेंडीतले तंतू ओढून तिनं ते थोरलीच्या बोटांपाशी दोराला लावले. "चिमटीत धर. पीळ माझ्याकडे येऊ दे. हं. आता सोड."

थोरलीनं सोडलं. पीळ सरकत गेला, म्हातारीचा वाख त्यानं ओढून घेतला आणि दोर तसाच पुढे निघाला, जणू कुणी हात बदललाच नव्हता. आत्याबाई कुरकुरत्या गुडघ्यांनी एक एक पाऊल मागे टाकू लागल्या. थोरली शौचालयाच्या दाराकडे गेली. धावावं लागलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा म्हातारी बांधाला टेकून धापा टाकत होती, पण दोर हातात ताठ होता. थोरली तिच्याजवळ गेली आणि तिनं दोराचं टोक आपल्याकडे घेतलं.

"हे कुठं शिकलात तुम्ही?"

"मी पोटुशी होते तेव्हा माझी सासू घ्यायची माझ्या हातातून. सगळ्याच घरांत घ्यायचे. कुणी बोलायचं नाही, एवढंच."

"मग मला कधी सांगितलं नाहीत ते?"

"तू कधी थांबलीच नाहीस," आत्याबाई म्हणाल्या. थोडा दम खाल्ला. "आणि मी थांबू दिलं नाही."

चाक थांबलं होतं. उन्हं अजून चढली नव्हती, आणखी एक दोर सहज झाला असता. आत्याबाई बांधावर बसायला खाली झुकल्या आणि एकदम हात मागे घेतला. नव्या घायपातीचं टोक त्यांना टोचलं होतं. रोपं आता गुडघ्याएवढी झाली होती, पानं जाड, टोकाला काळे काटे. म्हातारीनं बोट तोंडात घातलं आणि त्या रांगेकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"चांगलीच धरली की," त्या म्हणाल्या. "मला नाही गं ही झेपायची. कापायला तू आहेसच."

थोरलीनं मान डोलावली आणि कमरेची पेंडी पुन्हा आवळली.